स्कूटरचा कार्ब्युरेटर आणि त्याचे जेट

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात वांद्रे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनात दरवर्षी एक तरी व्याख्यान व्हावे, ही आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. संतवाङ्मय, ज्ञातीचा इतिहास, मुलांचे शिक्षण, मधुमेहींचा आहार इत्यादी विषय येथे झालेले आहेत. यंदा चिटणीसांनी आम्हांस पाचारण केले तेव्हा आम्ही त्यांना 'स्कूटरचा कार्ब्युरेटर' हा विषय कळविला. त्यांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. आम्ही आयुष्यभर प्राथमिक शाळेत गणित व सृष्टिज्ञान शिकविले. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. अशा मास्तराने यंत्रावर काय बोलावे, अशी शंका त्यांच्या मनात आली असल्यास ती रास्तच होय. परंतु खेरवाडीतील एका वृद्ध मेस्त्रींच्या दुकानात आम्ही पुष्कळ रविवार घालविलेले आहेत, आणि जे हाताने केले त्याचे गणित घरी येऊन मांडण्याची आम्हांस खोड आहे. एवढ्या पुंजीवर हे बोलणे आहे.

विषय निवडण्यास कारणही घडले. गेल्या गणेशोत्सवात आपल्याच एका कुटुंबातील तरुण आजोबांची चेतक स्कूटर घेऊन गावी निघाला. वांद्र्यात ती स्कूटर रोज चालत असे, तक्रार म्हणून कसली नव्हती. कशेडीच्या घाटात चढणीवर, पाठीमागे एक माणूस व पुढे सामान असता, इंजिन एकाएकी जाम झाले आणि मागचे चाक जागच्या जागी अडकले. क्लच दाबावयास क्षणाचा विलंब झाला. दोघेही पडले. खांद्याचे हाड मोडण्यावर निभावले ही देवाची कृपा, कारण मागे एस. टी. होती. तो मुलगा आज या सभागृहात बसलेला आहे आणि हे सांगण्यास त्याची संमती आहे. पुढे स्कूटर उघडली तेव्हा मेन जेटच्या भोकात तांब्याच्या तारेचा एक तंतू घातलेला सापडला. 'ॲव्हरेज' वाढावे म्हणून तो कोणीतरी हौसेने घातला होता.

ही तार एवढी घातक का, आणि तीच तार वांद्र्यात वर्षभर निमूट का राहिली, हे समजले की कार्ब्युरेटर समजला असे आम्ही मानतो.

प्रथम हे यंत्र आपल्या घरांत आले कसे, ते थोडक्यात सांगतो. इटलीत १९४६ साली व्हेस्पा आणि १९४७ साली लॅम्ब्रेटा निघाली. लॅम्ब्रेटा आपल्याकडे मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने आणली. व्हेस्पा बजाज ऑटोने पियाज्जोच्या परवान्याने पुण्यानजीक आकुर्डीस बनविली. तो परवाना १९७१ साली संपला आणि १९७२ साली चेतक आली. साताऱ्यास महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' होऊ लागली, तर अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, लूना. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, मुलाच्या मुंजीला नोंदविलेली स्कूटर त्याच्या लग्नात दारी यावयाची, असा तो काळ होता. म्हणूनच ती अजून विकवत नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा सहाचे प्रदूषणनियम लागू झाले व नव्या दुचाकींवरून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याची जागा विजेवर चालणाऱ्या इंधनफवाऱ्याने घेतली. नव्या पिढीच्या कारागिरास जेट हाताळण्याचा प्रसंगच येत नाही. जुने हात मात्र एकेक करून थांबत आहेत. तेव्हा ज्यांच्या जिन्याखाली अशी स्कूटर उभी आहे त्यांनी थोडे स्वतः जाणून घ्यावे हे बरे.

आता मूळ तत्त्व. पेट्रोल एकटे जळत नाही. ते हवेसह जळते. वजनाने पाहू गेल्यास एक भाग शुद्ध पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोल साधारण ७४० ग्रॅम भरते. त्यास जवळजवळ ११ किलो हवा हवी, आणि ११ किलो हवा म्हणजे आपल्या उष्ण हवामानात नऊ हजारांहून अधिक लिटर! दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीतील सारी हवा अवघ्या तीन लिटर पेट्रोलात संपते. स्कूटर पेट्रोल पिते असे आपण म्हणतो. खरे पाहता ती हवा पिते आणि पेट्रोल चवीपुरते घेते. ही चव बिघडू न देणे हेच कार्ब्युरेटरचे काम.

जुन्या घरांतून ढेकणांवर औषध फवारण्याचा फ्लिटचा पंप असे. नळीतून जोराने हवा जाते, तिच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि डब्यातील औषध आपोआप वर चढून तुषार होऊन उडते. कार्ब्युरेटर म्हणजे हाच पंप; फरक इतकाच की दट्ट्या ओढण्याचे काम येथे इंजिनाचा पिस्टन करतो. वाट अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो व दाब घटतो, हे इटलीच्या व्हेंच्युरी या शास्त्रज्ञाने १७९७ साली दाखविले. आजही कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यास त्याचेच नाव आहे. गळ्याखाली एक लहानसे भांडे असते. त्यात फ्लोट तरंगतो आणि संडासाच्या टाकीतील गोळ्याप्रमाणे पातळी राखतो. भांड्यातून गळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर पितळेचा, मध्ये बारीक भोक पाडलेला एक स्क्रू असतो. तोच जेट. पेट्रोल किती जावे हे ते भोक ठरविते.

जेट एकच नसतो. इंजिन जागच्या जागी संथ चालते तेव्हा मुख्य वाटेतून पेट्रोल चढण्याइतका ओढा नसतो. त्यासाठी पायलट अथवा स्लो जेटची निराळी वाट असते. थ्रॉटल सुमारे अष्टमांश उघडेपर्यंत याचेच राज्य. आरएक्स १०० अथवा बुलेटसारख्या गाडीत त्यानंतर थ्रॉटलच्या सरकत्या दट्ट्याची काप, चौथाईपासून पाऊणपर्यंत निमुळती सुई, आणि पाऊणच्या पुढे मेन जेट, असा कारभार वाटलेला असतो. चेतक व व्हेस्पाच्या डेलॉर्टो जातीच्या कार्ब्युरेटरात सुई नसतेच. तेथे मेन जेट, त्यावर भोकाभोकांची एक नळी आणि तिच्या माथ्यावर हवेचा जेट, असे तीन नग एकावर एक बसविलेले असतात. 'सुईची क्लिप एक खाच खाली करा' असा सल्ला आरएक्स १०० ला लागू पडतो, त्याने मिश्रण श्रीमंत होते. चेतकवाल्याने तो ऐकला तर सुई शोधण्यातच त्याचा रविवार जाईल.

आता आपल्या वांद्र्याकडे पाहा. स्टेशनापासून हिल रोडपर्यंत, लिंकिंग रोडवर, कलानगरच्या चौकात थ्रॉटल चौथाईपेक्षा अधिक उघडण्याची संधी कितीदा येते? पुढे रिक्षा, बाजूस बस, मधून फेरीवाला. सागरी सेतूवर दुचाकीस मज्जावच आहे. परिणाम असा की वांद्र्यातील स्कूटर जन्मभर पायलट जेटवर जगते. मेन जेटचे भोक बुजवून टाकले तरी पुष्कळांना ते महिनाभर कळणार नाही! म्हणूनच ती तार येथे निमूट राहिली. ॲव्हरेजही तिने वाढविले नसावे, कारण शहरात त्या वाटेने पेट्रोल जातच नव्हते. पुढे घाट आला, पूर्ण थ्रॉटल उघडला गेला, दोन माणसांचे ओझे पडले, आणि तेव्हा कोठे मेन जेट पहिल्याने कामास लागला; नेमका तोच उपाशी होता.

उपासमार किती, त्याचे गणित साधे आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडपाठ असे. डेलॉर्टो जेटवर १०० आकडा कोरलेला असेल तर भोकाचा व्यास १०० शतांश, म्हणजे १ मिलिमीटर. त्यात ०.३ मिलिमीटर जाडीची तार घातली की ०.३ चा वर्ग ०.०९, म्हणजे शेकडा ९ क्षेत्रफळ गेले. तारेच्या घर्षणाने आणखी थोडे. उलट १०० च्या जागी १०५ चा जेट घातला तर व्यास पाचच टक्के वाढतो, पेट्रोलाची वाट मात्र सव्वादहा टक्क्यांनी रुंदावते. आकड्यातील फरक लहान दिसतो, भोकातील फरक त्याच्या दुप्पट असतो. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मिकुनी जातीच्या षट्कोनी मेन जेटवरील आकडा व्यासाचा नसून पेट्रोल वाहण्याच्या मापाचा असतो, तेथे हा वर्गाचा हिशेब लावू नये. आणि एका जातीचा जेट आकडा जुळतो म्हणून दुसऱ्या जातीत बसवू नये.

पण पेट्रोल शेकडा नऊ कमी झाले तर शक्ती तेवढी कमी व्हावी. इंजिन जाम का व्हावे? याला दोन कारणे आहेत. एक, पेट्रोलाचे बाष्प होताना ते उष्णता शोषते. भर उन्हाळ्यात माठातील पाणी ज्या कारणाने थंड होते त्याच कारणाने आत येणारे पेट्रोल पिस्टनास थंडावा देते. पेट्रोल उणे झाले की थंडावा उणा होतो, आणि भर ओझ्याखाली किंचित उणे मिश्रण पेटले की तापही अधिक होतो. दुसरे कारण दोन ठोक्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनापुरते आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. या इंजिनात तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. जेटच्या भोकातून केवळ पेट्रोल जात नाही, पिस्टनाचे वंगणही तेथूनच जाते. जेटमध्ये तार घालणारा मनुष्य पेट्रोल वाचवितो असे त्यास वाटते. तो तेलही बंद करीत असतो. तापलेला, कोरडा पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला घट्ट धरतो.

घाट उतरताना याचीच दुसरी तऱ्हा दिसते. उतारावर थ्रॉटल मिटलेला, गाडी गिअरमध्ये, इंजिन मात्र चाकांच्या रेट्याने गरगर फिरते आहे. मिटलेल्या थ्रॉटलमधून पेट्रोल येत नाही म्हणजे तेलही येत नाही. म्हणून जुने चालक उतारावर मधूनमधून थ्रॉटल क्षणभर उघडून सोडीत. त्यांना कारण ठाऊक नसेल, सवय मात्र योग्य होती. आणि टू-स्ट्रोक गाडी चालविणाऱ्याने, मग ती भगिनी असो वा बंधू, लांबच्या प्रवासात डाव्या हाताची दोन बोटे क्लचवर ठेवलीच पाहिजेत. इंजिनाचा स्वर एकाएकी जड झाला, गाडी कोणी मागून ओढल्यासारखी वाटली, की प्रथम क्लच, विचार नंतर.

यावर काही मंडळी म्हणतात, 'मग आम्ही तेल जास्त घालतो.' हा समज अर्धाच खरा आहे. लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे २ टक्के तेलाऐवजी ४ टक्के घातले, तर जेटमधून जाणाऱ्या द्रवात तेवढे पेट्रोल कमी झाले. मिश्रण श्रीमंत न होता उलट थोडे दरिद्री होते, आणि सायलेन्सरात काजळी धरते ती वेगळीच. निर्मात्याने सांगितलेले प्रमाण मापाने मोजून घालावे. अंदाजाने बाटली ओतू नये.

सांप्रत या विषयास एक नवे वळण लागले आहे. पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत गेले. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. हे इथेनॉल पुष्कळसे उसापासून होते, त्यामुळे आपल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्यास त्यात लाभ आहे. आमची त्यावर टीका नाही. परंतु इथेनॉलच्या अंगी मुळातच प्राणवायू असतो. त्यास हवा कमी लागते: शुद्ध पेट्रोलास १४.७ भाग, तर इथेनॉलास ९ भाग. २० टक्के मिश्रणास साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीतील विजेची यंत्रणा धुराड्यातील प्राणवायू मापून हे आपोआप सांभाळते. आजोबांच्या चेतकमधील पितळेच्या जेटास हे कोण सांगणार? तो पूर्वीइतकाच द्रव सोडतो, आणि मिश्रण शेकडा आठाच्या आसपास दरिद्री होते. म्हणजे तार न घालताही आज प्रत्येक जुन्या स्कूटरमध्ये जवळजवळ एक तार घातलेलीच आहे. त्या मुलाच्या स्कूटरमध्ये दोन्ही एकत्र आल्या.

तोड त्याच गणितात आहे. वाट शेकडा आठने रुंद करावयाची तर व्यास शेकडा चारने वाढवावा. शुद्ध पेट्रोलासाठी १०० चा जेट असेल तेथे १०४ च्या घरातला हवा. मधल्या काळात १० टक्के मिश्रणावर कोणी जेट बदलून घेतला असेल तर याच्या निम्मी वाढ पुरे. हे गणित केवळ प्रारंभाचे ठिकाण दाखविते, निकाल स्पार्क प्लगच देतो. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषते. पावसाळ्यात स्कूटर अर्ध्या टाकीनिशी दोन-तीन महिने उभी ठेवली की पाणी तळाशी वेगळे होण्याचा संभव असतो, आणि टाकीच्या तळाचाच माल प्रथम कार्ब्युरेटरात येतो. कार्टर रोडला समुद्राकाठी राहणाऱ्यांच्या कार्ब्युरेटरात जस्तमिश्र धातूवर पांढरी भुकटी धरलेली आम्ही पाहिली आहे. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर पेट्रोलची चावी बंद करून इंजिन चालू ठेवावे आणि भांडे रिकामे होऊन ते आपोआप बंद पडू द्यावे. जुने रबरी पाइप व वॉशर इथेनॉलाने फुगतात. ते नव्या जातीचे घालावे.

आता प्रत्यक्ष सेटिंग. यातील पहिला नियम असा की कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी बाकी सर्व पाहून घ्यावे. प्लगमधील अंतर, ठिणगीची वेळ, एअर फिल्टर, सायलेन्सरातील काजळी, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र. हे छिद्र बुजले तर पेट्रोल खाली उतरत नाही, आणि लोक जेट बदलीत बसतात! मुख्य म्हणजे कोठून चोरटी हवा येते काय ते तपासावे. कार्ब्युरेटरच्या खालचे गॅस्केट फाटले असेल अथवा इंजिनाचे ऑइलसील गेले असेल तर कोणताही जेट घाला, सेटिंग टिकणार नाही. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन खाली न येता आपोआप रेस होत राहिले, तर ही चोरटी हवाच समजावी.

मग सफाई. जेटातून तार, सुई किंवा टाचणी कधीही घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे अथवा वाकडे होते. पेट्रोलने धुवावे, पंपाने फुंकावे आणि उजेडाकडे धरून भोक गोल दिसते काय ते पाहावे. हे काम मोकळ्या हवेत करावे. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, किंवा देवापुढे निरांजन तेवत असता शेजारच्या गॅलरीत, मुळीच नव्हे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते.

त्यानंतर पायलटचा स्क्रू. पुष्कळ जण येथेच फसतात, कारण सारखा दिसणारा स्क्रू दोन गाड्यांत उलट काम करतो. स्क्रू फिल्टरच्या बाजूस असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की मिश्रण दरिद्री. आरएक्स १०० मध्ये तो असा आहे. स्क्रू इंजिनाच्या बाजूस असेल तर तो मिश्रणाचा: बाहेर काढला की श्रीमंत. चेतकमध्ये असा. एकाच मेस्त्रीने सकाळी एक व दुपारी दुसरी गाडी हातात घेतली तर त्यालाही क्षणभर थांबून विचार करावा लागतो. इंजिन पुरते तापू द्यावे, स्क्रू हलक्या हाताने आतपर्यंत बसवून दीड वळण बाहेर काढावा, आणि मग पाव-पाव वळण इकडेतिकडे फिरवून ज्या ठिकाणी इंजिन सर्वांत जलद व एकसुरी चालेल तेथे थांबावे. शेवटी थ्रॉटलच्या स्क्रूने वेग खाली आणावा. येथे कान लागतो. तबला लावणाऱ्यास जसा स्वर 'बसलेला' कळतो तसेच हे आहे. शब्दांत याहून अधिक सांगता येत नाही.

पी.यू.सी.च्या दाखल्याविषयी दोन शब्द. ही तपासणी संथ चालीवर होते. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा १ एप्रिल २००० पूर्वीच्या दुचाकीस ४.५ टक्के व त्यानंतरच्या चौथ्या टप्प्यापर्यंतच्या दुचाकीस ३.५ टक्के. आकडा जास्त आला की कोणी तत्परतेने पायलटचा स्क्रू फिरवून देतो आणि दाखला मिळतो. स्कूटर मग चौकाचौकात बंद पडू लागते. नियम पाळलाच पाहिजे, हवेचा प्रश्न आपल्याच मुलांच्या फुप्फुसांचा आहे. परंतु आकडा जास्त येण्याचे कारण बहुधा मळका फिल्टर, अर्धवट मिटलेला चोक किंवा वाढलेली फ्लोटची पातळी हे असते. ते दूर करावे.

स्कूटर कलती करून किक मारण्याचा प्रकार आपण सर्वांनी पाहिला आहे. परदेशी पाहुण्यांस तो आपला धार्मिक विधी वाटत असल्यास नवल नाही. कलती केल्याने भांड्यातील पेट्रोल एका बाजूस चढते व थोडे जादा आत उतरते, म्हणजे चोकचे काम होते. क्वचित करावे लागले तर हरकत नाही. रोज करावे लागत असेल तर चोक बसत नाही, पायलट जेट चोंदला आहे, अथवा फ्लोटची पातळी खाली आहे, यांतील काहीतरी खास.

मेन जेट सर्वांत शेवटी, आणि नेहमी मोठ्याकडून लहानाकडे. श्रीमंत मिश्रणाने इंजिन फार तर अडखळते, धूर टाकते, प्लग काळा करते. दरिद्री मिश्रणाने पिस्टन जातो. म्हणून गणिताने आलेल्या जेटाहून एक पायरी मोठा घालून प्रारंभ करावा. नवा प्लग लावून, भल्या पहाटे मोकळ्या सरळ चढणीवर, खालच्या गिअरात, वेगमर्यादेच्या आत राहून थ्रॉटल पूर्ण उघडावा. थोडे अंतर गेल्यावर एकाच वेळी क्लच दाबावा व इंजिन बंद करावे. गाडी बाजूस घेऊन प्लग काढून पाहावा. आतल्या पांढऱ्या चिनीमातीच्या भागाचा रंग फिक्या कॉफीसारखा असला तर योग्य. ओलसर काजळी असेल तर एक पायरी खाली. पांढराफटक असेल, त्यावर बारीक चकाकणारे कण असतील, तर तत्काळ मोठा जेट. हल्लीच्या पेट्रोलात शिसे नाही आणि इथेनॉल आहे, त्यामुळे रंग पूर्वीपेक्षा फिकाच येतो. जुन्या पुस्तकातील विटकरी रंगाची वाट पाहू नये, कड्याशी बारीक गडद वर्तुळ दिसले की पुरे.

महाबळेश्वरास जाणारे विचारतात की तेथे स्कूटर का अडखळते. ते साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. तेथील हवा वांद्र्यापेक्षा शेकडा बारा विरळ. जेट तोच राहिल्याने मिश्रण सहा-सात टक्के श्रीमंत होते. दोन दिवसांच्या सहलीसाठी जेट बदलण्याची गरज नाही. श्रीमंतीने तेथे कोणाचे नुकसान होत नाही, आणि परत येताना खालची दाट हवा भेटणारच आहे. तेथे बदललेला लहान जेट घेऊन कोणी घाट उतरून वाईला आला, आणि तसाच मुंबईकडे निघाला, तर मात्र कशेडीचाच प्रकार खंबाटकीत व्हावयाचा.

त्या तरुणाची स्कूटर आता दुरुस्त झाली आहे. सिलिंडर घासून नवा पिस्टन घातला, तार काढली, जेट एक पायरी मोठा बसविला. लिटरमागे दोन-तीन किलोमीटर कमी जातात, अशी त्याच्या वडिलांची कुरकुर आम्ही ऐकली.

पुढील महिन्यापासून दुसऱ्या व चौथ्या रविवारी सकाळी आठ ते अकरा आम्ही मंडळाच्या आवारात बसणार आहोत. ज्यांच्या घरी जुनी स्कूटर अथवा फटफटी असेल त्यांनी ती आणावी. शुल्क नाही. येताना टाकीत पेट्रोल थोडेच असावे, एक नवा प्लग बरोबर आणावा, आणि गाडीचे माहितीपुस्तक घरी असेल तर त्यात निर्मात्याने दिलेला मेन व पायलट जेटचा आकडा एका कागदावर उतरवून आणावा. नववी-दहावीतील मुलामुलींनीही यावे. जेट उजेडाकडे धरून पाहण्यास तरुण डोळे लागतात, आमचे आता तितकेसे साथ देत नाहीत.